हवामान बघून आपोआप पाणी कमी-जास्त करणारा कंट्रोलर: द्राक्षबागेला घ्यावा का?

दिंडोरीकर | सोमवार, रात्री 9:40

नमस्कार मंडळी,

दिंडोरी तालुक्यात आमची चार एकर द्राक्षबाग आहे. जमीन मध्यम ते काळी, पाणी विहिरीचं, उन्हाळ्यात शेततळ्याचं. सगळ्या क्षेत्रावर ठिबक आहे. मी नोकरीनिमित्त नाशकात असतो, बाग दादा (वडील) बघतात. थ्री फेज लाईट एक आठवडा दिवसा आठ तास, एक आठवडा रात्री दहा तास. रात्रीच्या आठवड्यात दादा बॅटरी आणि काठी घेऊन व्हॉल्व्ह फिरवायला जातात. शेजारी ऊस आहे आणि मागच्या हिवाळ्यापासून त्यात बिबट्याचा वावर आहे. त्यामुळे व्हॉल्व्ह आपोआप फिरले पाहिजेत, इथवर घरात एकमत आहे. आईचं तर जरा जास्तच.

घोडं पुढे अडलंय. दोन कोटेशनं आली आहेत. एक साधं टायमरवालं: कुठल्या प्लॉटला किती मिनिटं हे आपण भरायचं, बाकी ते बघणार. दुसरं जवळपास दुपटीचं. त्यात छोटं हवामान केंद्र, जमिनीत दोन सेन्सर, आणि कंट्रोलर रोजचं ऊन-वारा-पाऊस बघून मिनिटं स्वतःच ठरवणार. विक्रेता म्हणतो, चाळीस टक्के पाणी वाचेल. कशाच्या चाळीस टक्के, असं विचारलं तर "सर, सगळ्यांचंच वाचतंय" एवढंच उत्तर.

दादांचं एकच म्हणणं: "त्याला बाग दिसते का?"

कुणी वापरलंय का? वरचे पैसे टाकण्यात अर्थ आहे का? उन्हाळ्यात शेततळ्याचा तळ दिसायला लागतो, त्यामुळे पाणी वाचवणं हा आमच्याकडे हौसेचा विषय नाही.

उगाच | सोमवार, रात्री 9:52

पहिला!
बिबट्याच्या गळ्यात सेन्सर बांधणं स्वस्त पडेल असं वाटतं. चहा घेऊन बसलोय, पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

सॅनहोजेकर | मंगळवार, सकाळी 7:15

मी शेतकरी नाही, पण या कंट्रोलरांचं माहेर म्हणावं अशा ठिकाणी राहतो, म्हणून लिहितो. कॅलिफोर्नियात घरोघरी हिरवळ असते आणि ती जगवायला तुषार सिंचन. जुन्या कंट्रोलरवर लोक जुलैत मिनिटं भरतात आणि मग विसरतात. आमच्या भागात जुलैत दिवसाला साधारण 6 मिलिमीटर पाणी हवेत उडून जातं, डिसेंबरात 1 मिलिमीटरच्या आसपास. मिनिटं मात्र तीच. पाऊस पडतोय आणि खाली फवारे चालू आहेत, हे दृश्य इथे कुणालाच नवीन नाही.

यावर उपाय म्हणून हवामानावर चालणारे कंट्रोलर आले. राज्याचं सिमिस नावाचं हवामान केंद्रांचं जाळं 1982 पासून आहे. प्रत्येक केंद्र त्या दिवशी किती बाष्पोत्सर्जन झालं, म्हणजे जमिनीतून आणि पानांतून मिळून किती पाणी उडालं, हे सांगतं. कंट्रोलर तो आकडा घेतो, तुमच्या झाडाचा गुणांक (त्यातलं किती पाणी त्या झाडाला लागतं ते प्रमाण) लावतो, पडलेला पाऊस वजा करतो आणि उरलेलं पाणी देतो. अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने 2011 साली अशा कंट्रोलरांसाठी 'वॉटरसेन्स' शिक्का सुरू केला, आणि जमिनीतल्या ओलाव्यावर चालणाऱ्यांसाठी 2021 साली. शिक्केवाला घेतला तर आमचं पाणीखातं थोडे पैसे परतही देतं.

आता तुमच्या चाळीस टक्क्यांबद्दल. 2009 साली इथे एक मोठी पाहणी प्रसिद्ध झाली. सुमारे 2,300 ठिकाणी असे कंट्रोलर बसवण्याआधीचा आणि नंतरचा पाणीवापर त्यांनी मीटरवरून ताडून पाहिला. सरासरी बचत किती निघाली असेल? सुमारे 6 टक्के. आणि दर दहांतल्या चार ठिकाणी वापर चक्क वाढला!

कारण सरळ आहे. जे आधी धो-धो पाणी ओतत होते, त्यांचं कंट्रोलरने कमी केलं. जे हात राखून देत होते त्यांची हिरवळ हिशेबाप्रमाणे तहानलेली होती, म्हणून कंट्रोलरने त्यांचं वाढवलं. त्याचं गणित चुकलं नव्हतं. त्याला पाणी वाचवायला कुणी सांगितलंच नव्हतं, झाडाची गरज भागवायला सांगितलं होतं.

तेव्हा पहिला प्रश्न यंत्राचा नाही. दादा आज किती पाणी देतात?

दिंडोरीकर | मंगळवार, सकाळी 8:30

@सॅनहोजेकर, हे फार कामाचं लिहिलंत. आज किती देतात ते लिटरमध्ये घरात कुणालाच सांगता येणार नाही. मीटर नाही. "उन्हाळ्यात दोन तास, थंडीत तास-सव्वा तास, पावसाळ्यात बघून" असा हिशेब आहे.

मळेवाली | मंगळवार, दुपारी 2:05

तासगाव भागातली द्राक्षं, आमच्याकडे पाण्याची तुमच्यापेक्षा जास्त ओढ. मी बागेचं पाणी स्वतः बघते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

सॅनहोजेकर दादांनी सांगितलेलं गणित आपल्याला परकं नाही. फक्त आपण ते पॅनवरून करतो. कृषी विद्यापीठाच्या नाहीतर हवामान खात्याच्या केंद्रावर ते पत्र्याचं गोल पात्र असतं, त्यातलं पाणी रोज किती मिलिमीटर उतरलं ते मोजतात. पुण्याजवळच्या मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राचं पाण्याचं वेळापत्रक त्यावरच आहे. एप्रिलातल्या खरड छाटणीनंतर फुटी वाढत असताना दर मिलिमीटर बाष्पीभवनाला हेक्टरी 4,200 लिटर. पुढे सूक्ष्म घडनिर्मितीचा (डोळ्यात पुढचा घड तयार होण्याचा) काळ आला की तेच 1,400 लिटर. एक तृतीयांश!

आता हे तुमच्या बागेत घालून बघा. नऊ बाय पाच फुटांची लागण धरली तर एकरी 968 वेली. समजा एप्रिल-मे, पॅन 8 मिलिमीटर. 4,200 गुणिले 8, म्हणजे हेक्टरी 33,600 लिटर, एकरी साधारण 13,600, वेलीला 14 लिटर. वेलीला 4 लिटरचे दोन ड्रीपर असतील तर पावणेदोन तास. दादांचे "उन्हाळ्यात दोन तास" फार लांब नाहीत, बरं का.

त्याच उन्हात, त्याच पॅनवर, घडनिर्मितीचा काळ सुरू झाला की हिशेब येतो वेलीला पावणेपाच लिटर. म्हणजे पस्तीस मिनिटं.

इथेच गोम आहे. हवामान केंद्राला ऊन कळतं, वारा कळतो, हवेतला ओलावा कळतो. छाटणी कधी झाली, शेंडा कधी मारला, फुटीला कितवं पान आलंय, हे त्याला कोण सांगणार? त्या पंधरा-वीस दिवसांत कंट्रोलर 8 मिलिमीटर बघून पावणेदोन तास पाणी देत बसला, तर वेल नुसती शेंड्याला पळेल. पानं हिरवीगार, बाग बघणारा खूश, आणि ऑक्टोबर छाटणीनंतर घडांच्या जागी बाळ्या, म्हणजे नुसते तणावे. तेव्हा वाचलेल्या पाण्याचं काय लोणचं घालायचं?

दादा विचारतात ना, त्याला बाग दिसते का? नाही दिसत. पण दादांना बाष्पीभवन दिसत नाही. मी स्वतः वाफसा बघून पाणी देणारी आहे, तरी सांगते, मार्चअखेर वारा सुटला की दोन दिवसांत पॅन 6 वरून 9 वर जातो आणि आपला हात सवयीने जुन्याच मिनिटांवर राहतो. आभाळ आलं, पॅन 3 वर उतरला, तरी आपण "उन्हाळा आहे" म्हणून तेवढंच सोडतो. पाणी वाया जातं ते खरं अशा दिवसांत.

म्हणून मी काय केलंय ते सांगते. कंट्रोलर आहे, पण अवस्था मी भरते. आठ अवस्था, प्रत्येकीचा गुणांक माझा. त्या चौकटीत रोजचं कमी-जास्त तो करतो, आणि त्यालाही वरची-खालची मर्यादा घातली आहे. घडनिर्मितीत काहीही झालं तरी पन्नास मिनिटांच्या वर जायचं नाही. फुलोरा ते मणी सेटिंग पुन्हा 1,400 चा हिशेब. काढणीच्या आधीचे दिवस पूर्ण माझ्या हातात, तिथे आपोआप काही नाही. पाण्याचा अचानक लोंढा गेला की मणी तडकतो, आणि तडकलेला मणी गुणांक बघून जुळत नाही.

कोटेशन देणाऱ्याला एवढंच विचारा: अवस्था बदलायची सोय आहे का, आणि ती मराठीत, दादांना मोबाईलवर करता येईल का? "ती आमच्या ऑफिसमधून करून मिळेल" म्हणाला तर टायमरवालंच घ्या.

उगाच | मंगळवार, दुपारी 2:20

ताई, दंडवत.

सर्किटराव | मंगळवार, संध्याकाळी 6:45

सिन्नर एमआयडीसीत इन्स्ट्रुमेंटेशनचं काम करतो, घरच्या डाळिंबाला आणि दोन-तीन नातेवाइकांच्या बागांना यंत्रणा बसवून दिली आहे. पीक माझा प्रांत नाही, पाइपातलं सांगतो.

पहिलं म्हणजे मिनिटं विसरा, लिटर धरा. तुमच्याकडे लाईट मध्येच जाते. टायमर स्वतःच्या बॅटरीवर चालत असतो. मोटर बंद, पाणी बंद, आणि याची मिनिटं भरतायत. लाईट आली तेव्हा दुसऱ्या प्लॉटची पाळी लागलेली. पहिला प्लॉट अर्धा उपाशी, आणि मोबाईलवर हिरवी खूण "सिंचन पूर्ण". कंट्रोलर साधा असो की स्वयंचलित, मेनवर (मुख्य पाइपवर) पल्स देणारा, म्हणजे ठरावीक लिटरला कंट्रोलरला एक इशारा पाठवणारा वॉटर मीटर हवाच, आणि कंट्रोलरने त्या मीटरवरून लिटर मोजून पाळी संपवली पाहिजे. राहिलेलं पाणी उद्याच्या हिशेबात ओढता आलं पाहिजे.

मीटरचा दुसरा फायदा पाणी वाचवण्यात सेन्सरपेक्षा मोठा आहे. मळेवाली ताईंचाच आकडा घ्या: एकरात 968 वेली, वेलीला तासाला 8 लिटर, म्हणजे एका एकराच्या व्हॉल्व्हमधून तासाला साधारण 7,750 लिटर गेले पाहिजेत. मीटर 9,500 दाखवतोय? कुठेतरी नळी निघाली आहे नाहीतर खारीने कुरतडली आहे. 6,000 दाखवतोय? ड्रीपर तुंबलेत, आम्ल प्रक्रियेची वेळ झाली किंवा फिल्टरला बॅकवॉश हवा. रात्री दोन वाजता निघालेली लॅटरल (ओळीतली ठिबकची नळी) सकाळी दिसेपर्यंत वाहते. जो कंट्रोलर प्रवाह वाढला की व्हॉल्व्ह बंद करून मेसेज टाकतो, तो कामाचा. कोटेशनात हे आहे का बघा. नुसता "ऑनलाइन डॅशबोर्ड" लिहिलं असेल तर तो पैशांचा चुराडा.

व्हॉल्व्हचा क्रमही विचारून घ्या. मोटर चालू असताना आधीचा व्हॉल्व्ह मिटून मग पुढचा उघडायचा नसतो. त्या मधल्या काही सेकंदांत सगळा दाब मेनवर येतो आणि सगळ्यात कमजोर जोड उखडतो. बहुतेक वेळा फिल्टरच्या जवळचा, आणि हमखास रात्री. आधी पुढचा उघडायचा, तो भरला की मागचा मिटायचा. शेवटच्या पाळीला आधी मोटर बंद, मग व्हॉल्व्ह. हे प्रोग्राममध्ये असतं, फक्त बसवणारे घाईत सोडून देतात.

शेततळ्याची पातळी बागेपेक्षा उंच आहे का? विचारतोय कारण व्हॉल्व्ह उघडमीट करणारे बॅटरीवरचे लॅचिंग सोलेनॉइड असतात, त्यांना उघडायला एक झटका आणि मिटायला एक झटका लागतो. उघड्या स्थितीत बॅटरी संपली तर ते उघडेच राहतात. मोटर बंद असली तरी उंचावरचं तळं आपल्या वजनाने रिकामं होत राहतं. 24 व्होल्टचे सोलेनॉइड वीज गेली की आपोआप मिटतात, पण त्यांना रानभर वायर ओढावी लागते, आणि वायर म्हटली की उंदीर आले.

चिटणीसबाई | मंगळवार, रात्री 10:10

शेतीतलं कळत नाही, पण पुण्यातल्या एका सोसायटीच्या बागेची जबाबदारी (न मागता) माझ्याकडे आहे. सॅनहोजेकरांनी लिहिलेलं पावसातले फवारे हे दृश्य आमच्याकडेही होतं. मी एक छोटा पावसाचा सेन्सर गच्चीच्या कठड्यावर लावून घेतला. आत कॉर्कसारख्या चकत्या असतात, त्या भिजून फुगल्या की खटका दाबला जातो आणि कंट्रोलरचा फवाऱ्यांचा फेरा थांबतो. वाळल्या की पुन्हा सुरू. इंटरनेट नाही, अ‍ॅप नाही. जून ते सप्टेंबर टँकरवाल्याचं तोंड बघावं लागत नाही. हिरवळीला एवढं पुरतं असं माझं मत.

कोरडवाहू | बुधवार, सकाळी 9:00

धागा वाचला. सगळे जाणते बोलतायत, तरी मिठाचा खडा टाकतो.

मी लातूरकडचा. 2016 च्या एप्रिलात आमच्या गावाला मिरजेहून रेल्वेने पाणी आलं, ते प्यायला. त्या सगळ्या वर्षांत आमच्या भागात ठिबक वाढतच होतं. ठिबकला अनुदान मिळतं, अल्पभूधारकाला राज्याची भर धरून 80 टक्के, बाकीच्यांना 75. चांगलं आहे. पण वाचलेलं पाणी गेलं कुठे? माझ्या भावकीत सांगतो: दोन एकर ऊस पाटपाण्यावर होता, ठिबक केल्यावर त्याच विहिरीवर साडेतीन एकर झाला. विहीर पूर्वी मार्चात आटायची, अजूनही मार्चातच आटते. शेतकऱ्याला दोष देत नाही, त्याचा प्रपंच आहे. फक्त याला "पाणी वाचलं" म्हणू नका. पीक वाढलं म्हणा.

उद्या दिंडोरीकरांचा कंट्रोलर खरंच वीस टक्के वाचवेल, आणि परवा दादा म्हणतील, पाचवा एकर लावू. हिवरे बाजारला पाणी टिकलं ते यंत्राने नाही. तिथे पाऊस मोजून ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडतात आणि त्यावरून पिकं ठरवतात. शेतीला बोअर मारायची बंदी घातली. आधी ते.

मळेवाली | बुधवार, सकाळी 11:30

कोरडवाहू भाऊ, तुमचं दुखणं खरं आहे. पण बाईमाणसाने एकटीने चार एकर बाग सांभाळताना ग्रामसभेच्या निर्णयाची वाट बघत बसावं का? माझ्या विहिरीत जेवढं आहे तेवढ्यात मे काढायचा असतो. हिशेबाने पाणी द्यायला लागल्यापासून उन्हाळ्यात टँकर घ्यावा लागला तर थोडके घ्यावे लागतात. ते पाणी पाचव्या एकराला गेलं नाही, ते मी विकतच घेतलं नाही. सगळ्यांची गोष्ट एकच नसते.

कोरडवाहू | बुधवार, दुपारी 12:10

टँकर वाचला असेल तर ती बचत खरी, ती मान्य. द्राक्ष नि बाकीच्या फळबागांत क्षेत्र पटकन वाढवता येत नाही, हाही फरक आहे. उसाबद्दलचं माझं मत कायम.

उगाच | बुधवार, दुपारी 12:15

अवांतर: या संस्थळावर कुणीतरी कुणाचं काहीतरी मान्य केलं, याची नोंद घेण्यात यावी.

दिंडोरीकर | बुधवार, रात्री 9:20

सगळ्यांचे आभार. रात्री दादांना अख्खा धागा वाचून दाखवला. मळेवाली ताईंचा पस्तीस मिनिटांचा हिशेब ऐकून ते थांबले आणि म्हणाले, "पोरगी बाग जगलेली आहे." त्यांच्याकडून याहून मोठं प्रमाणपत्र मला आजवर मिळालेलं नाही.

@कोरडवाहू, पाचवा एकर नाहीच आमच्याकडे, रस्त्याला गेला.

@सर्किटराव, तळं वरच्या अंगाला आहे, म्हणजे लॅचिंगचा धोका आम्हाला आहे. आता दोन शंका. एक, हवामान केंद्र स्वतःचं घ्यावं की महावेधचं (राज्यातल्या स्वयंचलित हवामान केंद्रांचं जाळं) मंडळातलं वापरावं? दोन, जमिनीतल्या सेन्सरांचं काय? आमची माती उन्हाळ्यात भेगाळते.

सर्किटराव | बुधवार, रात्री 10:35

हवामानाचं आधी. बाष्पोत्सर्जन काढायचं जे जगभर मानलेलं सूत्र आहे, पेनमन-माँटिथ, जे अन्न आणि कृषी संघटनेने 1998 साली आपल्या 56 क्रमांकाच्या पुस्तिकेत ठरवून दिलं, त्याला चार गोष्टी लागतात: तापमान, आर्द्रता, वारा आणि ऊन. महावेधची केंद्रं महसूल मंडळागणिक आहेत, राज्यात दोन हजारांहून जास्त, आणि तापमान, आर्द्रता, वारा, पाऊस ही माहिती त्यांतून मिळते. उन्हाची मोजणी त्यात नसली तर हरग्रीव्हज सूत्र वापरतात, त्याला कमाल-किमान तापमान पुरतं. ढगाळ आणि वाऱ्याच्या दिवसांत ते थोडं फसतं. रोजच्या आकड्याला पाच-दहा टक्के इकडे-तिकडे झालं तर बागेला काही होत नाही, कारण जमीन हे मधलं कोठार आहे, विशेषतः तुमची. आकडा थेट कंट्रोलरमध्ये येत नसेल तर हाताने भरायचा.

पावसाचं मात्र उलटं. नाशकात वळीव एका शिवारात पडतो, शेजारचं शिवार कोरडं. मंडळाचं केंद्र पाच-सात किलोमीटरवर असेल तर त्याचा पाऊस तुमच्या बागेत धरू नका. पर्जन्यमापक आपल्या रानातच हवा, साधा टिपिंग बकेट चालेल. आणि पडला तेवढा सगळा वजा करायचा नाही. दोन-तीन मिलिमीटरची सर पानांवरच वाळते. तेवढ्याने पाळी रद्द करणारा कंट्रोलर मी बघितलेला आहे.

आता सेन्सर. काळ्या मातीत हा खरा डोकेदुखीचा भाग. माती सुकली की आकसते, सेन्सरभोवती फट पडते, मग तो हवा मोजतो आणि "कडक कोरडं" असं ओरडतो. कंट्रोलर त्यावर विसंबला तर पाणी सोडतच राहणार. म्हणून बसवताना त्याच खड्ड्यातली माती गाळून, पाण्यात कालवून तिच्यात सेन्सर रोवायचा, कोरडी माती लोटायची नाही. जागा बोदावर (वेलींच्या ओळीच्या उंचवट्यावर), ड्रीपरपासून वीतभर बाजूला. अगदी ड्रीपरखाली लावला तर कायम ओलं दाखवेल. दोन सेन्सर म्हणजे दोन जागा नव्हेत. एकाच जागी एक फुटावर एक आणि दोन फुटांवर एक. वरचा मुळाला पाणी मिळतंय का ते सांगतो, खालचा पाणी मुळाखाली निसटतंय का ते. दर पाळीनंतर खालचा ओला होत असेल तर तेवढं पाणी आणि त्यातलं विद्राव्य खत गेलं पाताळात.

जमिनीतला ओलावा विजेवर मोजणारे सेन्सर असतील तर क्षार बघा. खत सोडल्यावर काहींचा आकडा उगाच वर जातो. साधे टेन्शिओमीटर त्या बाबतीत बरे, ते मातीची ओढ मोजतात. कोटेशनातल्या महागड्या सेन्सरांऐवजी पहिल्या हंगामात दोन टेन्शिओमीटर घ्या. नळी, खाली मातीची पुंगळी, वर घड्याळासारखा गेज. उकळून गार केलेलं पाणी भरायचं, बूच घट्ट, आत हवा शिरली की पुन्हा भरायचं. 10 सेंटीबारच्या खाली काटा म्हणजे चिखल. 20-30 ला वाफसा. तुमच्या जमिनीत 45-50 च्या पुढे गेला की पाण्याचा विचार करायचा, घडनिर्मितीत त्याहून वर जाऊ द्यायचा. हा आकडा बागेगणिक बदलतो, ताई जास्त नेमकं सांगतील. 80 च्या आसपास पाणी तुटतं आणि गेज शून्यावर येतो, तो शून्य म्हणजे ओलं असं समजू नका.

कंट्रोलरला सेन्सर जोडायचाच असेल तर त्याला फक्त थांबवायचा अधिकार द्या. जमीन ओली असेल तर आजची पाळी रद्द, इतकंच. पाणी सुरू करायचा अधिकार त्याच्याकडे नको, तो हवामानाच्या हिशेबाकडे आणि दादांकडे.

मळेवाली | गुरुवार, सकाळी 6:50

घडनिर्मितीत मी वरचा टेन्शिओमीटर 60 च्या आसपास जाऊ देते, पण माझी जमीन तुमच्यापेक्षा हलकी आहे. तुम्ही आकड्यापेक्षा शेंडा बघा. शेंड्याची वाढ थांबतेय, पेरं आखूड पडतंय, पण दुपारी पानं मलूल होत नाहीत, एवढा ताण. सकाळीही पानं मान टाकून असतील तर जास्त झालं. हे दादांना माझ्याहून चांगलं माहीत असणार.

सॅनहोजेकर | गुरुवार, सकाळी 8:05

एकच भर. काहीही बसवायच्या आधी मीटर बसवा आणि एक हंगाम दादांच्या पद्धतीचीच नोंद करा. नाहीतर पुढच्या वर्षी विक्रेता म्हणेल चाळीस, तुम्ही म्हणाल दहा, आणि दोघांकडेही आकडा नसेल. दोन वर्षांची तुलना करताना नुसते लिटर धरू नका, त्या-त्या वर्षीचं बाष्पीभवनही धरा. थंड उन्हाळ्यात कुणाचंही पाणी वाचतं.

दिंडोरीकर | गुरुवार, रात्री 9:15

ठरलं ते असं. आत्ता टायमरवाला कंट्रोलर, पण पल्स मीटरवर लिटर मोजणारा आणि प्रवाह वाढला की बंद होणारा. पहिल्या कोटेशनवाल्याने हे जमेल असं सांगितलंय, थोडे पैसे वाढवून. व्हॉल्व्ह 24 व्होल्टचे, वायर पाइपातून. दोन टेन्शिओमीटर. पॅनचा नाहीतर महावेधवरून काढलेला आकडा मी नाशकातून बघून रोज संध्याकाळी कंट्रोलरमधली पाण्याची टक्केवारी बदलायची, अवस्था दादा सांगणार. हवामानाचं आपोआप जोडायची जागा कंट्रोलरमध्ये आहे, ते ऑक्टोबर छाटणीचा हंगाम गेल्यावर, मीटरची वही बघून.

दादांनी एक अट घातली आहे. कंट्रोलरच्या पेटीवर हाताने चालवायचं बटण पाहिजे, मोबाईलवरचं नाही, खरं. @सर्किटराव, मिळतं ना?

सर्किटराव | गुरुवार, रात्री 9:40

मिळतं. ऑटो-बंद-हात असा तीन खटक्यांचा स्विच मागा, प्रत्येक व्हॉल्व्हला वेगळा. आणि पेटी पश्चिमेकडे तोंड करून लावू देऊ नका, दुपारच्या उन्हात आतला डिस्प्ले काळा पडतो.